वाटेवरची भाकरी : पनवेलला थांबाल तेव्हा काय खाल?

मार्चच्या १९ तारखेची रात्र आणि २० ची पहाट पनवेलकरांना बरोबर ओळखू येते. मुंबई, ठाणे, कल्याण, नवी मुंबईहून महाडला निघालेल्या गाड्या इथूनच गोव्याच्या रस्त्याला लागतात. निळे झेंडे लावलेल्या जीपगाड्या, टेम्पो, भाड्याच्या बसगाड्या पळस्पे फाट्याच्या आसपास चहापाण्यासाठी थांबतात. मुले डोळे चोळत खाली उतरतात, बाया पाय मोकळे करतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : खायचे काय?

उत्तर ठरलेले असते. वडापाव, भजी, चिप्सचे पाकीट आणि रंगीत थंड पेय. पहाटे चारला पोटात गेलेला तळलेला वडा माणगाव येईपर्यंत घशाशी येतो. लोणेऱ्याला डोके धरते. महाडला उतरावे तर ऊन चढलेले, रांग लांब आणि बाटलीतले पाणी संपलेले. मग कुणी ना कुणी चक्कर येऊन बसते. आम्ही आरोग्य पानाची मंडळी हे दरवर्षी पाहतो. खरे सांगायचे तर आम्हीही तोच वडा खात आलो आहोत.

गेल्या खेपेला गाडीत आमच्या मागे पनवेलच्याच एक मावशी बसल्या होत्या. पेण सोडल्यावर त्यांनी फडक्याची गाठ सोडली. आत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि पांढरा कांदा. गाठ सोडता सोडताच त्या म्हणाल्या, "वास येईल हो जरा. खिडकी उघडते."

आम्हाला भाकरी देण्याआधी त्यांनी आमची माफी मागितली. ते आमच्या मनाला लागले. भाकरी मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ली आणि महाड येईपर्यंत कुणाच्या छातीत जळजळ झाली नाही. हा लेख त्या भाकरीमुळे लिहीत आहोत.

भाकरी बांधून का न्यावी लागे?

आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला निघताना भाकरी बांधून घ्यायच्या. ती हौस नव्हती. वाटेत कुणी अन्न विकत देईल, पाणी ओंजळीत घालील, याची खात्री नव्हती.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीला होते. मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कुणी आलेले नाही. जात कळल्यावर बैलगाडीही सहज मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाली. बरोबर खाण्याची भरपूर शिदोरी होती, पण वाटेत प्यायला पाणी कुणी देईना. पाण्यावाचून घास उतरेना. भरल्या शिदोरीशेजारी ती मुले उपाशी झोपली.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर मंडपावर हल्ला झाला आणि लोकांचे अन्न मातीत मिसळले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तर स्थानिक व्यापाऱ्यांनी धान्य विकायचे नाकारले. सामान बाहेरून आणावे लागले. परिषदेला जागा दिली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी.

त्या मार्चला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. मधल्या काळात संविधान आले. त्याच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले, तसेच विहिरी, तळी आणि स्नानघाट अशी सार्वजनिक ठिकाणे एकाच दमात सांगून तिथे भेदभावाला मनाई केली आहे. खाणे आणि पाणी एकाच कलमात आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

म्हणजे आज भाकरी बांधून नेण्याची सक्ती नाही. पण सक्ती गेली त्याबरोबर आपण भाकरीही टाकून दिली. सोबत तिची लाजही वाटायला लागली. आरोग्याच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे.

दूरच्या देशाचे एक उदाहरण

गरिबाचे अन्न पाहुण्यापुढे ठेवायला लाजू नये, हे शिकायचे तर आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशाकडे पाहावे. तिथल्या लोकांना बात्स्वाना म्हणतात. त्यांचे रोजचे अन्न म्हणजे ज्वारीची घट्ट पेज, ‘बोगोबे’. ज्वारी आपल्या सोलापूर-मराठवाड्यात पिकते तीच. तिचे पीठ आंबवून केले की आपल्या आंबिलीची आठवण व्हावी. जोडीला ‘मोरोगो’ म्हणजे रानातला पाला शिजवून केलेली भाजी. लग्नकार्यात ‘सेस्वा’ हवाच. मांस मोठ्या लोखंडी भांड्यात फक्त पाणी आणि मीठ घालून तासन् तास शिजवायचे आणि मग कुटून मऊ करायचे. मोपाने झाडावरच्या अळ्या वाळवून खातात, त्यांना ‘फाने’ म्हणतात.

परदेशी प्रवासी तिथे गेला की त्याला हेच पदार्थ चाखून बघायला सांगतात. नाक मुरडणारे पाहुणे असतातच. पण ताटात वाढणारा मान खाली घालत नाही. वाळवणाचा वास येईल म्हणून आपण खिडकी उघडतो, तिथे वाळवण ही ओळख आहे. फरक एवढाच आहे.

पनवेलच का?

पनवेलला एका बाजूला खाडी, मधे भातखाचरे आणि दुसऱ्या बाजूला कर्नाळा-माथेरानचे डोंगर. त्यामुळे इथल्या ताटात तिन्हीकडचे येते. खाडीचे आणि समुद्राचे मासे कोळी-आगरी बाया आणतात, तांदूळ आणि वाल शेतातून येतात, नाचणी आणि रानभाज्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरून उतरतात. आपल्या बौद्धवाड्यांतल्या चुलींवरही हेच शिजत आले, फक्त तेल कमी आणि वाटण पातळ.

हे चित्र झपाट्याने बदलते आहे. १९७० साली सिडको आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जिथे भात आणि वाल होत होता, जिथे खाजणात निवट्या-खेकडे मिळत होते, तिथे आज धावपट्टी आणि इमारती आहेत. त्या इमारतींतच बोंबील भाजायचा तर दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, असे आमच्या अनेक भगिनी सांगतात. प्रवाशांची गर्दी वाढली, पण तिला मिळते ते सगळीकडे सारखेच खाणे. म्हणून पनवेलला थांबणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे : खानावळीत बसलात की हे पदार्थ नाव घेऊन मागा. मागणारा असेल तर करणारी टिकेल.

तांदळाची भाकरी

उकळत्या पाण्यात तांदळाचे पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची आणि पाण्याच्या हाताने थापायची. चांगली भाकरी पांढरी, मऊ आणि टम्म फुगलेली असते. तिला तेल लागत नाही. गव्हाचे न सोसणाऱ्यांना ती चालते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मधुमेह असेल तर तांदळाची भाकरी आणि भात यांत फार फरक मानू नये. दोन्हींनी साखर लवकर वाढते. एक भाकरी घ्या, सोबत वाल किंवा मासळी घ्या आणि वर भात घेऊ नका. नाचणीची भाकरी मिळाली तर ती अधिक चांगली. पण तीही मोजूनच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कुठल्याही रोजच्या धान्यात एवढे नाही. चाळिशीनंतर गुडघे-कंबर धरणाऱ्या आपल्या बायांनी हे ध्यानात घ्यावे.

जवळा, बोंबील आणि मिठाचा हिशेब

सुकी मासळी म्हटले की लगेच ऐकू येते, "बीपी आहे, सुकं बंद केलंय." मावशीही तेच सांगत होत्या. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटले, म्हणून त्यांनी घरात सुके आणणेच सोडले होते. वर्षातून या एका प्रवासाला तेवढे करतात. मग आम्ही त्यांना दिवसभराचे खाणे विचारले. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी लोणचे आणि पापड, संध्याकाळी फरसाण. मीठ तर सगळीकडून येत होते. बंद झाला होता तो फक्त जवळा!

इथे एक भेद समजून घेतला पाहिजे. सुकी मासळी दोन प्रकारची. जवळा किंवा बोंबील हा बहुधा मीठ न लावता नुसता उन्हात वाळवतात. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगलेले आपण पाहतोच. दुसरी खारवलेली मासळी. खारा बांगडा आणि त्यासारखे मासे मिठात मुरवून वाळवलेले असतात. रक्तदाब असणाऱ्यांनी टाळायची ती मुख्यतः ही खारी मासळी. तरीही विकत घेताना मीठ लावले आहे का, हे मासळीवालीला विचारा आणि चिमूटभर तोंडात टाकून बघा. शिजवण्याआधी दोन पाण्यांत धुऊन घ्या. भाजीत मीठ शेवटी, चव पाहून घाला.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट चहाचा एक चमचा आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, पाव सगळे आले. हा हिशेब घरात एकदा करून बघा. ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना नेमके विचारावे : "बिनमिठाचा सुका जवळा आठवड्यातून एकदा चालेल का?" नुसते "सुकं चालेल का?" विचारले तर उत्तर "नाही" असेच येणार.

जवळ्याची कोळंबी एवढीशी की सालासकट खाल्ली जाते. त्यामुळे कॅल्शियमही मिळते. वाळल्यावर पाणी निघून जाते, म्हणून मूठभर जवळ्यात प्रथिने भरपूर असतात. मटण-चिकन रोज न परवडणाऱ्या घराला हा मोठा आधार होता आणि आजही आहे. पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात चांगला सुका माल मिळतो. घेताना तो कोरडा आणि मोकळा हवा. दमट, चिकट, गुलाबी डाग पडलेला किंवा नाकात झोंबणारा माल स्वस्त असला तरी घेऊ नका.

वालाचे बिरडे

भात कापल्यावर खाचरात जी ओल राहते, तिच्यावर रायगडात वाल होतो. पाणी द्यावे लागत नाही. हे कडवे वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलतात. कांदा, ओले खोबरे, कोथिंबीर आणि आमसूल घातले की बिरडे तयार. सोलायला वेळ लागतो म्हणून हॉटेलवाले टाळतात. घरगुती खानावळीत विचारले तर मिळते.

सुक्या वालात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने असतात. भाकरी आणि वाल हे एकमेकांना पुरे पडणारे जोडीदार आहेत. धान्यात जे कमी असते ते कडधान्य भरून काढते. वाल कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मात्र खाऊ नयेत. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. वायूचा त्रास होणाऱ्यांनी ओवा, हिंग किंवा आले घालावे आणि प्रवासात वाटीभरच खावे. शाकाहारी मंडळींना महाडच्या वाटेवर याहून चांगला पदार्थ नाही.

डिसेंबरात आलात तर पोपटी

२५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनासाठी महाडला जाणारे पुष्कळ असतात. तो काळ नेमका पोपटीचा. वालाच्या हिरव्या शेंगा भरलेल्या असतात आणि रात्री थंडी पडते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात. काही ठिकाणी त्याला भामरुड म्हणतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, मधे ओवा आणि जाडे मीठ. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र आवाज होऊन पाणी उडून गेले की पोपटी झाली.

यात तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. सगळे आपापल्या वाफेवर शिजते. पथ्याच्या माणसानेही निर्धास्त खावी अशी ही मेजवानी. काळजी एवढीच की कोंबडी हाडापर्यंत शिजली आहे का, हे फोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर पुन्हा जाळावर जाऊ द्या.

पावसाळ्यात रानभाज्या

जून-जुलैत कर्नाळा, माथेरानच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी भगिनी पनवेलच्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली, शेवळे घेऊन बसतात. शेवळ्याबरोबर काकडांची छोटी हिरवी फळे त्या आठवणीने देतात. ती नको म्हणू नका. शेवळे घशाला खाजते आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मोडते. ही अक्कल पुस्तकातली नाही, त्यांच्या पिढ्यांची आहे. ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून खाऊ नये. विकणारीला कशी करायची ते विचारावे आणि तिने सांगितलेल्या भावात फार घासाघीस करू नये.

आंबील, सोलकढी आणि पांढरा कांदा

मार्चच्या उन्हात थंड पेयाच्या बाटलीऐवजी नाचणीची आंबील घ्या. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात शिजवायचे, गार झाल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरे आणि किंचित मीठ. पोट भरते आणि तहानही भागते. साखर नसल्याने मधुमेहींनाही वाटीभर चालते.

सोलकढी नारळाच्या दुधाची आणि आमसुलाची. तिचा रंग फिका गुलाबी असतो. ती भडक राणी रंगाची दिसली तर बीट किंवा रंग घातला आहे का, हे विचारा.

पेण-वडखळच्या रस्त्यावर उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिखट कमी, रस जास्त. भाकरीबरोबर कच्चा खावा. पेणचे पापडही प्रसिद्ध, पण मिठाचा हिशेब आठवा आणि एकावर थांबा.

घाटावरचे पाहुणे, घाटावरची भाकरी

पनवेल, कळंबोली, कामोठे भागात आता मराठवाडा-विदर्भातून आलेले आपले हजारो बांधव आहेत. त्यांच्यामुळे पनवेलच्या ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा, वजडी, मुंडीचा रस्साही आला. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या ‘चान्या’ जुन्या माणसांना आठवतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचे हे खाणे नोंदवून ठेवले आहे. ज्यांना आपल्या आजीच्या चुलीवर काय शिजत होते हे ठाऊक नाही, अशा तरुणांनी ते जरूर वाचावे.

या अन्नाच्या आठवणीत भूकही आहे आणि अपमानही आहे, हे आम्ही विसरत नाही. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेतच सांगितले. लादलेले अन्न सोडायचे होते. स्वतःच्या कष्टाने पिकवलेली, मासळीवालीकडून रोख पैसे देऊन घेतलेली, स्वच्छ हातांनी केलेली भाकरी-चटणी सोडायला त्यांनी सांगितले नव्हते.

फडक्यात काय बांधावे?

प्रवासात टिकणारे आणि न टिकणारे यांत फरक करा. भाकरी, सुकी चटणी, कांदा, भाजलेले शेंगदाणे, केळी दिवसभर चांगली राहतात. रस्सा, ओल्या खोबऱ्याची भाजी आणि शिजवलेला भात उन्हात दोन तासांपेक्षा जास्त ठेवून खाऊ नये. विशेषतः कोंबलेल्या डब्यातला भात. वास आला नाही तरी तो बिघडलेला असू शकतो. अंडी उकडून सालासकट न्या, पण सकाळीच संपवा.

मावशींची चटणी अशी : वाटीभर सुका जवळा चाळून, निवडून, धुऊन खडखडीत वाळवा. मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत कोरडा भाजा. आठ-दहा लसूण पाकळ्या, चार सुक्या मिरच्या, दोन चमचे सुके खोबरे वेगवेगळे भाजा. दोन आमसुले टाकून सगळे जाडसर कुटा. मीठ चव पाहून, तेही चिमूटभर. पाण्याचा हात लागू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा.

पाणी माणशी किमान दोन लिटर घ्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून द्या. चमचा चहाचा घ्या. सरकारी दवाखान्यात मिळणारी क्षार-संजीवनीची पाकिटे दोन-चार जवळ ठेवली तर उत्तमच. ऊन लागून बोलणे असंबद्ध झाले, घाम थांबला, अंग तापले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि लगेच वैद्यकीय पथकाकडे न्या. घरगुती उपाय करत बसू नका.

हे लक्षात असू द्या

कोळंबी किंवा खेकड्याने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर जवळा अजिबात खाऊ नका, चटणीतलाही नाही. गाऊट असलेल्यांनी सुकी मासळी टाळावी. मूत्रपिंडाचे रुग्ण असाल तर वाल, नाचणी आणि सुकी मासळी या तिन्हींबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. गरोदर भगिनींनी ताजी, पूर्ण शिजलेली मासळी खावी. रस्त्यावरचे उघडे कापलेले फळ घेऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रांगेत उभे राहण्यापूर्वी थोडे खाल्लेले असावे आणि खिशात दोन खडीसाखरेचे खडे ठेवावेत.

महाडला त्या दिवशी दुपार टळल्यावर आम्ही तळ्याच्या पायऱ्यांजवळ सावली पाहून बसलो. मावशींनी उरलेली भाकरी आमच्यात वाटली. शेजारी परभणीहून आलेले एक कुटुंब होते. त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आपोआप अदलाबदल झाली. त्यांच्या लहान मुलीने जवळ्याची चटणी पहिल्यांदाच चाखली. हाशहूश करत तिने अर्धी बाटली पाणी संपवले आणि पुन्हा हात पुढे केला. "आवडलं का गं?" मावशींनी विचारले. ती भाकरीचा तुकडा तोडत नुसतीच मान हलवत होती.

मावशींना आम्ही सांगून ठेवले आहे. येत्या २० मार्चला चार भाकऱ्या जास्त आणा. आणि गाडीची खिडकी उघडायची तर ती वाऱ्यासाठी उघडा.